बिनशिट्टीचं घर

काकांचं हृदय उत्तम चालतं. गेल्या आठवड्यात मीच त्यांना तपासणीला नेलं होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अंकल, इस उमर में ऐसा दिल! करते क्या हैं आप?" काकांऐवजी मीच म्हटलं, "ध्यान करते थे." डॉक्टर म्हणाले, "थे? अरे, छोड़ा क्यों? जारी रखिए." आम्ही बाहेर आलो, ई-रिक्षात बसलो, आणि इंदिरा नगरला त्यांच्या घरी निघालो.

ही काही आनंदाची बातमी नाही, हे आधीच सांगून ठेवते. दुसऱ्या कुणाचा असा रिपोर्ट आला असता तर मी पेढे वाटले असते.

बँकेनं मला सांगलीहून उचलून लखनौला टाकलं, त्याच वर्षी माझं लग्न मोडलं होतं. म्हणजे इकडे कोर्टाचा कागद आणि तिकडे बदलीचा कागद, दोन्ही एकदमच हातात पडले. आई म्हणाली, "जा, तेवढीच हवा बदलेल." आले. पहिल्याच आठवड्यात बाजारात वांगी घेताना भैय्यानं खालची किडकी भरली, म्हणून मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "मेल्या, वांगी विकतोस की अळ्या?" मागून कुणीतरी खुदकन हसलं. वळून पाहिलं तर हिरव्या काठाची सुती साडी, हातात पिशवी, कपाळावर ठसठशीत कुंकू. "सांगलीची का गं?" काकूंनी विचारलं. त्या कराडच्या. मग काय, रस्त्यातच अर्धा तास. "घर शोधतेयस? आमची वरची खोली रिकामी आहे. भाडं काय द्यायचं ते दे. पण एक अट आहे बाई."

"कसली?"

"दचकवायचं नाही."

"कुणाला?"

"यांना," काकू म्हणाल्या, आणि हे बोलताना त्यांचा आवाजही अर्धा झाला.

'हे' म्हणजे काका. हवाई दलात विमानांच्या इंजिनांवर त्यांची सगळी नोकरी झाली. शेवटचं पोस्टिंग इथलं, मग इथंच घर बांधलं, मुलगी इथंच शिकली. तिला मराठी समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. आता ती पुण्यात असते, आणि पुण्यात राहूनसुद्धा हिंदीतच बोलते. असो. निवृत्तीनंतर काही वर्षांनी काकांच्या धाकट्या भावाचं अचानक झालं. गावाकडच्या कुण्या शहाण्यानं फोन लावला आणि "हॅलो"सुद्धा न म्हणता "तुमचे बंधू वारले" असं सांगून टाकलं. काका फोन हातात घेऊन उभ्या उभ्याच खाली कोसळले. काकूंनी शेजारच्या मिश्राजींना हाक मारली, दोघांनी उचलून गाडीत घातलं, दवाखान्यात स्टेंट पडला, जीव वाचला. घरी सोडताना डॉक्टर काकूंना म्हणाले, "माताजी, गोलियाँ टाइम से, थोड़ा टहलना, मन करे तो ध्यान भी करें. और हाँ, इन्हें कोई झटका मत दीजिएगा."

डॉक्टरांनी आपलं जाता जाता सांगितलं असेल. ते अशी वाक्यं दिवसाला पन्नास जणांना सांगतात. पण काकूंनी त्या एका वाक्यावर अख्खं घर उभं केलं.

दारावरची घंटी काढून टाकली होती. तिथं काकांच्या हातची हिंदी पाटी होती : 'कृपया दरवाज़ा थपथपाएँ, धीरे.' लखनौचे लोक मुळातच अदबशीर, ते इतकं हळू थोपटायचे की कुणी आलंय हे कळायचंच नाही. पाहुणे दारात ताटकळायचे. आत आलेल्या माणसानं बसायचं, पाच श्वास घ्यायचे, मग बोलायचं. "आधी श्वास, मग शब्द," हे काकांचं वाक्य. गॅसवाला बिचारा खांद्यावर सिलेंडर घेऊन दारात उभा राहायचा आणि विचारायचा, "बाबूजी, पहले सिलेंडर उतार लूँ कि पहले साँस लूँ?" काका गंभीरपणे म्हणायचे, "पहले सिलेंडर." एवढी विनोदबुद्धी त्यांच्यात होती. स्वतःवर हसता येत नसे, पण दुसऱ्यानं हसलेलं चालायचं.

क्रिकेटची मॅच ते दुसऱ्या दिवशी बघायचे. आधी मला विचारायचे, "जिंकलो का?" मी हो म्हटलं तरच टीव्ही लागायचा. निकाल माहीत असलेली मॅच हा माणूस डोळ्यांत तेल घालून बघायचा, शेवटच्या ओव्हरला पुढे सरकून बसायचा, आणि बोटाला लावलेल्या त्या मशीनकडे मधून मधून पाहायचा. ऑक्सिमीटर. करोनात घरोघरी आलं आणि मग ड्रॉवरमध्ये गेलं, ते यांच्या बोटावरच राहिलं. कुणी काही विचारलं की काका आधी बोटावरचा नाडीचा आकडा बघायचे आणि मग उत्तर द्यायचे. "चहा घेणार का?" एवढ्यालासुद्धा. काकू म्हणायच्या, "अहो, हो म्हणायला काय त्याची परवानगी लागते?" काका म्हणायचे, "घाई ही हृदयाची सवत आहे." काकू लगेच, "सवत परवडली एकवेळ, हे मशीन नको."

आणि कुकर. कुकरच्या शिट्टीनं काका दचकतील म्हणून कुकर माळ्यावर गेला तो गेलाच. डाळ पातेल्यात. चणे, राजमा, उसळी, सगळं पातेल्यात. लखनौचा जून ज्यानं पाहिला नाही त्याला यातलं काही कळायचं नाही. बाहेर लूचा भाजून काढणारा वारा, आत स्वयंपाकघरात गॅस विझतो म्हणून पंखा बंद, आणि काकू पातेल्यापुढे उभ्या, एका हातानं डाळ घोटतायत, दुसऱ्या हातानं पदरानं मान पुसतायत. मी एकदा म्हटलं, "काकू, अहो दार लावून शिट्टी केली तर काय कान फुटणार आहेत का त्यांचे?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विषय काढला नाही.

पण या घराचा खरा मासला म्हणजे हप्ते. वाईट बातमी काकांना एकदम सांगायची नाही, हप्त्याहप्त्यानं सांगायची, असा कायदा होता. गावाकडच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना तो ठाऊक होता. कुणी गेलं की फोन काकूंकडे यायचा. काकू बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडून घ्यायच्या, तोंड धुवायच्या, आणि बाहेर येऊन पहिला हप्ता द्यायच्या : "आत्यांना जरा बरं नाहीये म्हणे." काका डोळे मिटून श्वास घ्यायचे, आकडा बघायचे, "अच्छा" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी : "दवाखान्यात ठेवलंय." तिसऱ्या दिवशी : "वय झालं होतं हो त्यांचं." आत्याबाईंच्या वेळी मी समोर होते. दुसऱ्याच हप्त्याला काका शांतपणे म्हणाले, "दहावा कधी आहे?"

काकू चपापल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तू जरा बरं नाही म्हणालीस ना, तेव्हाच कळलं. तू तसं म्हणतेस तेव्हा माणूस गेलेला असतो."

"मग हे सगळं कशाला करायला लावता मला?" काकू भडकल्याच.

"डोक्याला कळतं गं लगेच. पण शरीराला वेळ द्यावा लागतो," काका म्हणाले. आणि तिसरा हप्ता त्यांनी रीतसर घेतला.

हसू येतं ना? मलाही यायचं. सांगलीला फोन करून मी आईला हे किस्से सांगायचे आणि दोघी पोट धरून हसायचो.

पण काका वेडे नव्हते, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. ते गोळ्या वेळच्या वेळी घ्यायचे. पार्कात सकाळी त्यांच्याभोवती सात-आठ जण ध्यानाला बसायचे, त्यात मिश्राजीही. एकदा एक नवीन गृहस्थ म्हणाले, ध्यान सुरू केलं आता बीपीची गोळी बंद करणार. काकांनी त्यांना तिथून उठवलं. "इंजन में तेल भी चाहिए और ट्यूनिंग भी. तेल बंद करना है तो मेरे पास मत बैठिए." मिश्राजी पूर्वी सुनेवर ताटं भिरकवायचे, ते काकांच्या नादानं इतके निवळले की सून काकूंना दिवाळीला मिठाई आणून द्यायची.

आणि मी. लखनौला आले तेव्हा माझी छाती दुपारी बँकेत, गर्दीच्या वेळी, अशी धडधडायची की पैसे मोजणारा हात थांबायचा. रात्री झोप नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, मन ठीक नाही. काकांनी मला थंडीतल्या उन्हात गच्चीवर बसवलं. म्हणाले, "विमान उडायच्या आधी आम्ही त्याच्याभोवती एक फेरी मारायचो. नाकापासून सुरुवात, एकाच दिशेनं, प्रत्येक जागी हात लावून बघायचं. काही दुरुस्त नाही करायचं, नुसतं बघायचं. तशी स्वतःभोवती फेरी मार. पायाच्या अंगठ्यापासून. दुखत असेल तिथं म्हण, हां, इथं दुखतंय. आणि पुढे जा." मी डोळे मिटले. गुडघ्यापर्यंत आले आणि मला रडू फुटलं. काका तसेच बसून राहिले. रडू नको म्हणाले नाहीत, का रडतेस विचारलं नाही. थोड्या वेळानं एवढंच म्हणाले, "गुडघा झाला. आता मांडी." त्या हिवाळ्यात मला झोप लागायला लागली. हे मी कशी विसरू? विसरता आलं असतं तर काकांचा नीट राग तरी करता आला असता.

काका रोज सकाळी अशी स्वतःभोवती फेरी मारायचे. न चुकता. फक्त त्या घरात विमानं दोन होती.

काकूंना शेजारी बसवायचा त्यांनी फार प्रयत्न केला. त्या बसायच्याही. पण अर्ध्यात उठायच्या. डाळ लागेल, दूध उतू जाईल, पाण्याची वेळ झाली, कपडे वाळत घालायचे राहिले. कधी पूर्ण बैठक झालीच नाही. "हिचं इंजिन न्यूट्रलला येतच नाही," काका म्हणायचे. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, म्हणजे त्या घरात जेवढं ओरडता येतं तेवढं, "मी न्यूट्रलला आले तर तुम्ही जेवाल काय?"

पुढच्या थंडीत काकू मला वर आमटी द्यायला यायच्या, तेव्हा जिन्याच्या वळणावर थांबायला लागल्या. एक हात कठड्यावर, एक गालाखाली. "दाढ दुखतेय मेली." तोंडात लवंग धरून असायच्या. मी त्यांना दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं सगळे दात ठोकून पाहिले आणि म्हणाला, दात एकदम चांगले आहेत, माताजींना हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. काकू म्हणाल्या, "काहीतरीच. हृदय त्यांचं खराब आहे, माझं नाही." जणू घरात एकाच माणसाला हृदय असायची परवानगी होती.

मी ऐकलं नाही. तिथूनच परस्पर घेऊन गेले. कार्डिओग्राम निघाला, आणि डॉक्टर खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "आज ही भर्ती हो जाइए. एंजियोग्राफी करनी पड़ेगी." काकूंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "परसों आऊँगी." डॉक्टर चिडले. मी चिडले. त्यांनी काकूंना गोळ्या दिल्या, जिभेखाली ठेवायची एक वेगळी दिली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "समझाइए इन्हें."

दवाखान्याच्या फाटकाशी चहाच्या टपरीपुढे आम्ही भांडलो. भर रस्त्यात, मोठमोठ्यानं, मराठीत. येणारे-जाणारे बघत होते.

"मी आत्ता काकांना फोन करून सांगते," मी म्हटलं.

"फोन करून? फोननंच तर झालं होतं ना त्यांना? मला दोन हप्ते दे. आज एक, उद्या एक. परवा सकाळी त्यांना सांगून तुझ्याबरोबर येते. झालं?"

"काकू, हे तुमच्या आत्याबाईंचं मयत नाही. तुम्ही जिवंत आहात!"

"म्हणूनच तर. जिवंत आहे तोवर माझ्या तोंडानं नीट सांगते."

मी त्यांच्या मुलीला पुण्याला फोन लावला. वाटलं, ती तरी आईला दोन शब्द सुनावेल. ती रडली आणि मग म्हणाली, "दीदी, मम्मी ठीक कह रही हैं. पापा को झटका लगा तो दोनों को एक साथ कौन सँभालेगा? मैं परसों सुबह पहुँच रही हूँ, तब तक..." आता सांगा, यात चूक काय आहे? एकेक वाक्य घेतलं तर प्रत्येक माणूस शहाण्यासारखंच बोलत होता. त्याच घरातल्या माणसांना सुचावा असा हा शहाणपणा होता. सगळ्यांनी मिळून एका माणसाचं हृदय इतकी वर्षं तळहातावर जपलं होतं, ते परवापर्यंत आणखी जपायचं होतं, एवढंच.

संध्याकाळी पहिला हप्ता माझ्यासमोर दिला गेला. काका खुर्चीत बसले होते, बोटाला मशीन. काकू त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, मला जरा बरं वाटत नाहीये."

मी काकांच्या तोंडाकडे बघत होते. जीव मुठीत धरून. आत्याबाईंचं पहिल्या शब्दाला कळलं होतं या माणसाला.

काकांनी आकडा पाहिला. "पित्त असेल," ते म्हणाले. "आमसुलाचं पाणी घे."

काकूंनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच सांगितलं, झाला एक. त्यांना काय आनंद झाला होता!

दुसऱ्या दिवशी दुसरा हप्ता. "डॉक्टरला दाखवून आले हो. विश्रांती घ्या म्हणालेत." काका खूश झाले. खरोखर खूश झाले. "मी इतकी वर्षं दुसरं काय सांगतोय? उद्या सकाळी माझ्याबरोबर बस. पूर्ण बस. मध्ये उठायचं नाही."

"बसते," काकू म्हणाल्या. "उद्या उठत नाही."

त्यांची पिशवी माझ्या खोलीत भरून ठेवलेली होती. दोन साड्या, टॉवेल, जपाची माळ, आणि काकांसाठी दोन दिवसांच्या दशम्या, त्यांना दवाखान्यातलं बाहेरचं खायला लागू नये म्हणून. मी रजा घेतली, गाडी सांगितली. ठरलं असं, की बैठक झाली की काकू तिसरा हप्ता देणार, तेवढ्यात मी पिशवी घेऊन खाली येणार.

सकाळी धुकं होतं. गाडी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली. मी पिशवी घेऊन वरून खाली आले. दार उघडंच होतं. काका आपल्या आसनावर, आणि शेजारी खुर्चीत, भिंतीला टेकून, अंगावर शाल घेऊन काकू. डोळे मिटलेले. माझ्या पायांचा आवाज झाला, तसे काकांनी डोळे उघडले, आणि पटकन ओठांवर बोट ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"हळू," ते कुजबुजले. "आज एकदाही उठली नाही."

मी काकूंकडे पाहिलं. शालीतून हात बाहेर आला होता आणि मांडीवरून खाली लोंबत होता. त्या हाताची बोटं बघितली आणि मला कळलं. मी जवळ गेले, गालाला हात लावला. मग मनगट धरलं. मग नाकापुढे हात धरला. काका त्या सगळ्या वेळात माझ्याकडे नाराजीनं बघत होते, मी तिला उठवतेय म्हणून.

मी दार थोपटलं नव्हतं. पाच श्वास घेतले नाहीत. हप्ते केले नाहीत. "काका, काकू गेल्या," मी म्हटलं, आणि मला वाटतं, मी ते किंचाळूनच म्हटलं.

काकांनी काकूंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि मग, काय म्हणू, सवयच ती, त्यांनी बोटाकडे पाहिलं. माझीही नजर तिकडेच गेली. आकडा होता तिथंच होता.

त्यांनी ते मशीन बोटावरून काढलं आणि जमिनीवर ठेवलं. म्हणाले, "मला तर काहीच झालं नाही."

मिश्राजींनी अँब्युलन्स बोलावली. तिचा भोंगा गल्लीत शिरला, घराच्या दारापर्यंत आला, आणि बंद करा म्हणून कुणीही धावत गेलं नाही. काका उभे होते. भोंगा वाजत होता आणि ते नुसते उभे होते. मला त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला की त्यांचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवावेत असं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, यांना कुणीतरी मिठीत घ्यायला हवं. दोन्ही केलं नाही. काकूंच्या पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. बाहेर निघायच्या तयारीनं त्यांनी चपला आधीच घालून ठेवल्या होत्या.

गोमतीच्या काठावर सगळं झालं. मुलगी आली ती थेट तिथंच. तेराव्याला माणसं पांगल्यावर तिनं काकांना सगळं सांगितलं. दाढ, दवाखाना, फाटकाशी झालेलं भांडण, हप्ते, दशम्या. सगळं हिंदीत सांगितलं, रडत रडत, मधून मधून "सॉरी पापा" म्हणत. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "पहिल्या हप्त्यालाच मला कळायचं ना गं? सगळ्यांचं कळायचं. आत्याचं कळलं, वहिनीचं कळलं. ती समोर उभी राहून म्हणाली, जरा बरं नाही. आणि मी तिला आमसुलाचं पाणी दिलं."

पित्तच वाटलं असेल तुम्हाला, म्हणू? का म्हणू, की तुमची फेरी एकाच विमानाभोवती व्हायची? मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण समोरच्या माणसाला ते माझ्याआधी कळलेलं होतं.

त्यानंतर काका ध्यानाला बसले नाहीत. पार्कातली माणसं काही दिवस घरी यायची, "भाई साहब, आप नहीं आते तो मन नहीं लगता." काका त्यांना चहा द्यायचे आणि मिश्राजींच्या हवाली करायचे. पाटी काढली, घंटी लावली. बाजारातली सगळ्यात कर्कश मिळाली ती आणली. मॅच आता लाइव्ह बघतात, हरणारीसुद्धा, शेवटच्या चेंडूपर्यंत, आणि मशीन ड्रॉवरमध्ये. गोळ्या तेवढ्या घेतात, कारण मुलगी रोज फोन करून विचारते आणि तिच्याशी खोटं बोलणं त्यांना जमत नाही. माझी बदली सरोजिनी नगरच्या शाखेत झाली, मी तिकडेच खोली घेतली. पण रविवारी येते. मी घंटी वाजवते, माझेच कान बधिर होतात. आतून काका सावकाश येऊन दार उघडतात. "दचकलो नाही," असं दर वेळी सांगतात. सुरुवातीला मला वाटायचं, सवयीनं सांगतायत. आता कळतं, की ते तक्रार करतात.

गेल्या आठवड्यातल्या त्या तपासणीनंतर मी त्यांना घरी पोचवलं. रिपोर्ट त्यांनी टेबलावर टाकला आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. म्हणाले, जेवूनच जा. डाळ-भात लावतो. मी म्हटलं, मी करते. ऐकेनात. ओट्यावर नवा कोरा कुकर होता. त्यांनी डाळ धुतली, झाकण लावलं, गॅस पेटवला, आणि दोघं तिथंच उभे राहिलो, कारण त्या घरात स्वयंपाकघरात बसायला जागा नाही. काकूही उभ्यानंच करायच्या सगळं.

शिट्टी झाली. मी दचकले. त्या घरात मी कधी ती ऐकलीच नव्हती, म्हणून असेल. हात छातीवरच गेला माझा.

काका माझ्याकडे बघत होते. त्यांचा हात ओट्यावर होता, तसाच. दुसरी शिट्टी झाली. तिसरी झाली. त्यांनी गॅस बंद केला.

"बघ," ते म्हणाले. "काही होत नाही. एवढा मोठा आवाज झाला, काही झालं का मला?" आणि कुकरच्या झाकणावर हात ठेवून, तो भाजतोय याचंही भान नसलेले काका म्हणाले, "उगाच तिला इतकी वर्षं पातेल्यात डाळ शिजवायला लावली गं."